लाकडी पायावरचा मोजा

सोन्या माझा मुलगा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की ही म्हातारी कुणा परक्यावर दात धरून बसली आहे. परक्यावर कशाला धरू? परक्याने माझं काय बिघडवलंय?

पण मला लिहायचं आहे ते त्याच्या बायकोबद्दल, म्हणजे माझ्या सुनेबद्दल. सोन्या घर सोडून गेला तरी ती माझी सूनच राहिली. मी तिला तसं सांगितलं नाही, तिने मला तसं विचारलं नाही. तो गेला त्या दिवशी तिने माझ्या औषधाच्या गोळ्या नेहमीसारख्या वाटीत काढून ठेवल्या आणि मी त्या नेहमीसारख्या कुरकुरत घेतल्या. एवढंच बोलणं झालं आमचं त्यावर.

ती उंच आहे, अंगाने बारीक, आणि आवाज त्याहून बारीक. पाणी प्यायला म्हणून उठते, ग्लास भरते आणि तो भरलेला ग्लास कुठेतरी ठेवून परत कामाला बसते. संध्याकाळी मी घरभर ग्लास गोळा करत हिंडते. खिडकीत एक, कपाटावर एक, एकदा तर चपलांच्या फळीवर. मी म्हणते, "अगं, घर आहे का पाणपोई?" ती हसते, पण डोळे कॉम्प्युटरवरून हलत नाहीत.

तिचं काम मला समजायला फार वर्षं लागली. नात कॉलेजला आहे, ती म्हणते, "आजी, तुला कळलं असेल तर मलाही समजाव." म्हणून इथे माझ्या अकलेनेच सांगते.

आमच्या गावात, म्हणजे आम्ही राहतो तिथे, मोज्यांचा कारखाना आहे. मी त्यात उमेदीची सगळी वर्षं मोज्यांची टोकं शिवली. मोजा यंत्रातून निघतो तो नळीसारखा, पुढून उघडा. ते तोंड शिवून बंद करायचं, मग मोजा उलटा करून लाकडी पायावर चढवून बघायचा. सोन्या लहान असताना माझ्या डब्याच्या निमित्ताने कारखान्यात यायचा आणि त्या गोल यंत्रांकडे तोंड उघडं टाकून बघत राहायचा. पुढे शिकला, कॉम्प्युटरवाला झाला, आणि यंत्रांना नक्षी सांगण्यासाठी त्याने एक भाषा काढली. माणसांची नाही, यंत्रांची. किती टाके लाल, किती पांढरे, टाच कुठे वळवायची, हे त्या भाषेत लिहायचं, की यंत्र तसं विणतं.

काढली म्हणजे काय, डोक्यात त्याच्या आली. सूनही त्याच विद्येची. लग्न नवं होतं, घरात एकच टेबल होतं, दोघं दोन बाजूंनी बसायची. तो बोलायचा, ती करायची. माणसाने लिहिलेलं यंत्राला उमजेल असं उलगडून देणारा एक प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. तो तिने लिहिला. त्याच्या जोडीची लहानमोठी सगळी अवजारंही तिनेच केली. तुकडे जोडणारं एक, चुका शोधणारं एक, तयार नक्ष्यांचा साठा सांभाळणारं एक. सोन्या सभा-बैठकांना जाऊन भाषण करायचा. त्याला बोलता छान येतं, ते नाकारून चालायचं नाही. थोरल्या मालकांनी ती भाषा कारखान्यासाठी घेतली, फोटो काढले. फोटोत सोन्या मधोमध, थोरले मालक बाजूला. सून फोटोत नाही. ती तेव्हा खाली यंत्रावर बसून शेवटची चूक काढत होती.

मग सोन्याला दुसऱ्या शहरात मोठ्या कंपनीत जागा मिळाली. आधी रोज फोन, मग आठवड्याला, मग "कामात आहे" असा निरोप. शेवटी कळलं की तिकडे त्याने दुसरं घर मांडलं आहे. मी ऐकून घेतलं. सुनेने ऐकून घेतलं. भाषेची देखभाल तीच करत राहिली, पण कारखान्याच्या दफ्तरी ती भाषा त्याची होती आणि ही त्याच्या वतीने बघणारी.

थोरले मालक गेले आणि धाकटे आले. धाकट्यांनी एक दिवस सुनेला बोलावून घेतलं. ती घरी आली तेव्हा चेहरा तापल्यासारखा झाला होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, वहिनी, हे जुने कॉम्प्युटर आता बाजारात मिळत नाहीत. बिघडला तर सुटा भाग नाही. सगळे काढून टाकणार आणि नवे आणणार. नव्यांची सिस्टीम वेगळी आहे. त्यावर आपली भाषा चालवून दाखवा, नाहीतर मी बाहेरून तयार काहीतरी घेतो."

"आणि चालवून दाखवलीस तर?"

"तर भाषा माझ्या नावावर करतील. सगळ्या कागदांवर."

"त्याने काय होईल?"

"काही नाही होणार, आई. फक्त कुणी विचारलं, हे कुणाचं, तर मला मागे वळून बघावं लागणार नाही."

त्यानंतर घरात दुसरा विषय नव्हता.

आता अडचण काय होती ते सांगते. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी असतो. त्यालाच ते लोक ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कुठली वस्तू कुठे ठेवायची, कुणी कुणाकडे काय मागायचं, हे सगळं त्याच्या मर्जीने. जुन्या कॉम्प्युटरचा कारभारी एक, नव्याचा दुसरा, आणि दोघांच्या चालीरीती अजिबात जुळत नाहीत. एकाकडची अवजारं दुसऱ्याकडे नेऊन ठेवली तर तो त्यांना ओळखसुद्धा दाखवत नाही.

मग मी म्हटलं, "नव्याच्याच घरी बसून कर ना नवी अवजारं."

"कशाने करू? कंपायलर आपल्याच भाषेत लिहिलाय. त्याला उलगडायला तोच लागतो. तिकडे तो नाहीच."

म्हणजे हातोडा करायला हातोडा हवा, आणि हातोडा फक्त जुन्या घरात. म्हणून जुन्या घरात बसायचं, जुन्या हातोड्याने नवा हातोडा घडवायचा, आणि तो असा घडवायचा की या घरात तो उचलताही येऊ नये पण तिकडे मात्र हातात चपखल बसावा. मी म्हटलं, "हे तर मुलगी वाढवण्यासारखं झालं. शिकवायचं इथे, नांदायचं तिथे, आणि तिथलं घर आपण पाहिलेलंही नाही."

"तसंच," ती म्हणाली. "फक्त मुलगी निदान फोन करून सांगते काय टोचतंय ते."

तिचा जुना कॉम्प्युटर म्हणजे सोन्याचाच. तो जाताना ठेवून गेलेला. सुरू केला की सोन्याचं खातं उघडतं, आणि त्यात सोन्याच्या नावाचं कपाट, त्या कपाटात सगळं काम. मीच लाडाने ठेवलेलं नाव, त्याने कॉम्प्युटरलाही तेच सांगितलेलं. नात एकदा म्हणाली होती, "आई, तू स्वतःचं खातं का नाही काढत? किती वेळ लागतो?" सून म्हणाली, "काढीन. सगळ्या जागा बदलाव्या लागतील, आत्ता हातात काम आहे." हातात काम नव्हतं असा एक दिवस मी या घरात पाहिलेला नाही. खरं कारण काय ते मला ठाऊक आहे, आणि तिला ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. आम्ही दोघींनीही त्याकडे कानाडोळा केला.

ती कामाला लागली. बांधायचं, बिघडायचं, पुन्हा बांधायचं. बांधणी सुरू झाली की स्क्रीनवर अक्षरं मुंग्यांसारखी पळायची आणि ती हाताची घडी घालून बघत बसायची. मुंग्या थांबल्या की समजायचं, बिघडलं. मग "श्शी" एवढंच म्हणायची. तिची शिवी तेवढीच. मी असते तर त्या कॉम्प्युटरच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

नवा कॉम्प्युटर घरी नव्हता. धाकटे मालक म्हणाले होते, एकदम कारखान्यातच येतील. मग केलेलं तपासायचं कसं? त्यासाठी तिने एक सोंगाड्या आणला. तोही प्रोग्रामच. जुन्या कॉम्प्युटरवर बसून तो नव्या कारभाऱ्याचं सोंग घेतो. नवी अवजारं त्याच्यासमोर ठेवली की त्यांना वाटतं, आपण आपल्या घरी आलो, आणि ती चालू लागतात. एक एक करून सगळी अवजारं त्याच्यासमोर चालली. साधा मोजा निघाला, पट्ट्यांचा निघाला, टाचेचा निघाला. मोजा म्हणजे स्क्रीनवरचा. शेवटची तपासणी पार पडली त्या दुपारी ती स्वतःहून पूर्ण ग्लासभर पाणी प्यायली. मी म्हटलं, आता नक्की झालं.

कारखान्यात दाखवायच्या दिवशी मीही गेले. माझ्या वेळच्या दोघीतिघी अजून टोकं शिवतात, त्यांना भेटायचं निमित्त. खरं म्हणजे मला बघायचं होतं की फोटो काढतात का.

मोठ्या खोलीत नवे कॉम्प्युटर मांडलेले, भिंतीवर थोरला टीव्ही, त्यावर सगळ्यांना दिसेल असं. धाकटे मालक, सुपरवायझरबाई, मेकॅनिक, आणि कामावरच्या बायका दाराशी. जुने कॉम्प्युटर बाहेर व्हरांड्यात दोरीने बांधून ठेवलेले, दुसऱ्या दिवशी न्यायला.

सुनेने अवजारं नव्यावर ठेवली. साध्या मोज्याची नक्षी दिली. पलीकडे यंत्र खडखडलं आणि पांढरा मोजा बाहेर आला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात.

"वा वहिनी!" धाकटे म्हणाले. "आता ती पट्ट्यांची लावा. बाबांची आवडती."

तिने लावली. यंत्र हललं नाही. टीव्हीवर लाल ओळी आल्या, एकीखाली एक.

मी सुनेच्या मागे उभी होते. तिची मान एकदम ताठ झाली. इतरांना कळायच्या आधी तिला कळलं होतं काय झालंय ते, आणि तिच्या मानेवरून मला कळलं की ते साधं नाही.

पट्ट्यांच्या नक्षीला तयार नक्ष्यांच्या साठ्यातून काही काढावं लागतं. साठा कुठे आहे त्याचा पत्ता अवजाराच्या पोटात लिहिलेला असतो. बांधताना तिथे नव्या घरातला पत्ता पडायला हवा होता. पडला होता आमच्या घरचा. म्हणजे जिथे बसून बांधलं त्याच कपाटाचा. आणि सोंगाड्यासमोर हे कधी उघडकीला आलं नाही, कारण अवजाराने पत्ता विचारला की तो गुपचूप आमच्याच कपाटातून वस्तू काढून द्यायचा. लाकडी पायावर मोजा चढवला की तो कधीच टोचत नाही, हे मला जन्मभर माहीत होतं. पण मला कोण विचारणार, आणि मला तरी कुठे कळणार की ते हेच आहे.

धाकटे मालक टीव्हीवरची ओळ मोठ्याने वाचू लागले. "सापडत नाही... घर... सोन्या... साठा." पुढची वाचली. "सापडत नाही, घर, सोन्या." सगळ्या ओळी तशाच.

मेकॅनिक मागून म्हणाला, "साहेब, सोन्या सापडत नाही म्हणतंय! ते तर आम्हाला कधीचं माहीत आहे!"

दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. सुपरवायझरबाईंनी तोंडाला पदर लावला. मी वळून बघितलं, पण हसणं काही परत तोंडात घालता येत नाही.

सून म्हणाली, "एका जागी पत्ता चुकलाय. उद्या दुरुस्त करून आणते."

धाकट्यांचं लक्ष त्या ओळींवरच होतं. "सोन्या म्हणजे आपले साहेबच ना? बाबा त्यांना त्याच नावाने हाक मारायचे. म्हणजे हे सगळं त्यांनी केलंय?"

"नाही. मी केलंय. त्यांच्या खात्यात बसून काम करते, म्हणून ते नाव आलं."

"त्यांच्या कॉम्प्युटरवर?"

"हो."

"त्यांच्या खात्यात."

"हो. पण काम माझं आहे."

"तसं कुठे लिहिलंय?"

तिने टीव्हीकडे बघितलं. तिथे काय लिहिलंय ते सगळ्यांना दिसत होतं.

मला राहवलं नाही. "अरे बाबा, मी माझ्या बहिणीच्या घरी जाऊन स्वयंपाक केला, तर तो बहिणीने केला का?"

"आजी, हे स्वयंपाकासारखं नसतं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. ते कशासारखं असतं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सोन्याला फोन लावला. लाडाने "दादा, दादा" करत. सुनेने तोवर वायर गुंडाळून पिशवीत भरली.

घरी आल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं, तर स्वतःचं खातं काढलं. नात म्हणाली होती तेवढाच वेळ लागला. मग सगळं नव्याने बांधायला घेतलं. या वेळी कुठल्याच घरचा पत्ता घातला नाही. म्हणाली, "आता प्रत्येक अवजार आधी स्वतः कुठे उभं आहे ते बघेल आणि तिथून शेजारी हात घालेल. कुठेही नेऊन ठेवा, चालेल." बांधून झाल्यावर तिने त्या सगळ्या अवजारांच्या पोटात सोन्याचं नाव शोधलं. नव्हतं. तिचंही नव्हतं. मी म्हटलं, "तुझं तरी घालायचं."

"आधी चालू दे. कागद झाले की घालीन."

"मग कागद होईपर्यंत देऊ नकोस. ठेव घरात. आधी बोलणं पक्कं कर, मग दे."

"आई, जुने नेतायत. नव्यावर काही नाही. तुमच्या मैत्रिणी रिकाम्या बसतील."

"बसू देत की! त्याच हसल्या ना दारात?"

"सगळ्या नाही हसल्या," ती म्हणाली आणि पिशवी उचलून गेली. पट्ट्यांचा मोजा पहिल्या फटक्यात निघाला म्हणे. मी या वेळी गेले नव्हते. टाळ्या वाजल्या का ते विचारलं नाही.

सोन्या पुढच्या आठवड्यात आला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. आई म्हणून मला आधी तेच दिसलं, आणि "किती सुकलास" असं म्हणायची सवय असल्यामुळे तोंडातून तेच निघालं. सून आतून म्हणाली, "आई, चष्मा लावा." बऱ्याच वर्षांनी तो आणि मी एकदमच हसलो. ती हसली नाही.

तो खुर्चीत बसला. "अगं, साधी चूक होती. पत्ता बदलायचा राहिला."

"बदललाय."

"हो, कळलं. फार छान केलंस. मी सांगितलं त्यांना, तिची खूप मदत झाली म्हणून."

मदत. मी माझ्या मुलाला पाच वर्षांचा असताना दिली होती तशी एक कानाखाली द्यावी असं मनात आलं.

"मालक काय म्हणतात?" सुनेने विचारलं. ती दारातच उभी होती.

"त्यांना भानगड नकोय. भाषा माझी आहे हे लोकांना माहीत आहे, मग उगाच बदल कशाला, असं म्हणतात. मी तिकडून बघेन. काही अडलं तर तुला विचारेनच. तुला मदतनीस म्हणून ठेवतील, मी शब्द टाकलाय."

"मला कबूल केलं होतं."

"चालवून दाखवलंत तर, असं ना? ते म्हणतात त्या दिवशी चाललं नाही."

"दुसऱ्या दिवशी चाललं."

"अगं, मी बोललो ना तुझ्या बाजूने! पण तिथे भिंतीवर सगळ्यांसमोर माझं नाव आलं. आता मी काय करू?"

"खरं सांगायचं," मी म्हटलं. "एवढं करायचं होतंस."

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, भाषा माझ्या डोक्यातून आली की नाही?" ते खरं होतं. तिथेच तर सगळी पंचाईत होती. अगदीच खोटारडा असता तर त्याला घराबाहेर काढणं सोपं गेलं असतं.

मदतनीस व्हायला ती गेली नाही. वाटलं होतं, अडेल त्यांचं, येतील नाक घासत. मी तर रोज फोनकडे बघायचे. पण तिने बांधलेलं असं काही नीट बांधलं होतं की अडलंच नाही. नवे कॉम्प्युटर आणखी आले, त्यांच्यावर अवजारं नेऊन ठेवली, चालली. कारखान्याची दुसरी शाखा निघाली, तिथे चालली. सोन्या तिकडून "बघत" होता आणि बघण्यासारखं काहीच होत नव्हतं. वाईट केलं असतं तर तिला बोलवावं लागलं असतं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "वाईट करायला वेगळं शिकावं लागतं, आई. आता कुठे शिकू?"

वर्ष झालं असेल. सोन्या पुन्हा आला, या वेळी फळं घेऊन. फळांची पिशवी बघूनच मी ओळखलं की काहीतरी हवंय.

"एक छोटं काम आहे," तो सुनेला म्हणाला. "बाहेरचे दोन-तीन कारखाने भाषा बघायला येणार आहेत. सुरू होताना स्क्रीन नुसती कोरी असते. तिथे एक ओळ हवी. भाषेचं नाव, आणि खाली करणाऱ्याचं."

"कुणाचं?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग फळांकडे. "लोकांना ज्याचं माहीत आहे त्याचं."

"मग घाल. सगळं तुझ्याकडे आहे. एक ओळ लिही आणि बांध."

"तेच तर. त्या बांधणीला हात लावायची भीती वाटते. व्यवस्थित चाललंय. माझ्या हातून बिघडलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "बरं, असं करू. दोन्ही नावं घालू. वर माझं, खाली तुझं. मालकांना मी पटवतो. आता तरी झालं?"

मला वाटलं, घे बाई. मी बोललेसुद्धा. "घे की. निदान असेल तरी कुठेतरी. नात बघेल, तिची पोरं बघतील."

सून खिडकीकडे गेली. काचेवर बोट फिरवत उभी राहिली. ती नावाचाच विचार करत होती हे मला दिसत होतं, कारण तिचं बोट काचेवर काहीतरी लिहीत होतं. मग तिने तळहाताने काच पुसली.

"नको," ती म्हणाली.

"अगं, तुलाच हवं होतं ना?"

"होतं."

"मग आता मी स्वतः देतोय तर..."

"तू देतोयस म्हणूनच नको." तिचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक होता. "वर, खाली, कुठेच नको. कोरी राहू दे. तुला घालायचं असेल तर तुझ्या हाताने घाल."

त्याने घड्याळ बघितलं, माझ्या पाया पडला आणि गेला. फळं आम्ही खाल्ली. फळांशी कसलं भांडण.

त्यानंतर कारखान्याने तिच्याशी उरलासुरला संबंधही तोडला. कुणी भांडलं नाही. आमच्या दाराशी उभं राहून गप्पा मारणाऱ्या बायका सुपरवायझरबाई दिसल्या की विषय बदलू लागल्या, एवढंच. सून आता एका दवाखान्याच्या कचेरीत आहे. डॉक्टरांनी लिहिलेलं कॉम्प्युटरमध्ये भरते. डॉक्टरांचं अक्षर उलगडायला तिथे सध्या तिच्याइतकं कुणी नाही म्हणतात. नवं काही बांधतेस का, असं मी एकदा विचारलं. "नाही," म्हणाली. "दुसऱ्यांनी बांधलेलं चालवते. बरं असतं ते." घरी आली की कॉम्प्युटरला हात लावत नाही. संध्याकाळी मी अजून घरात हिंडते, पण सगळे ग्लास मोरीत उपडे घातलेले असतात.

कारखान्यात स्क्रीन अजून कोरीच उघडते. सोन्याने हात लावलेला नाही.

तो मला रविवारी फोन करतो. तिकडच्या हवेचं सांगतो, गुडघा दुखतो म्हणतो. शेवटी आवाज उतरवून विचारतो, "आई, तिचं काही मन वळेल का गं?"

मी त्याला विचारते, जेवलास का. तो हो म्हणतो. मग मी फोन ठेवते.